दोराशिवायची बोट

काकूंनी बजावलंय, लिहायचं तर लिही, पण माझं नाव घालशील तर भात बंद. म्हणून नाव नाही, नुसत्या काकू. पण पहिली ओळ त्यांचीच असायला हवी. पाणी त्यांचं, मासे त्यांचे, कल्पना त्यांची, आणि मी हात टेकले तेव्हा धीरही त्यांचाच. माझं फक्त सोल्डरिंग.

मी मूळचा कोकणातला. हे वाक्य कळंबमध्ये उच्चारलं की पुढचं वाक्य समोरचा माणूस बोलतो, "म्हंजी होडी चालवता येत आसंल." मी सांगतो की आमचं गाव डोंगरात आहे, समुद्र बघायचा तर दोन एसट्या बदलाव्या लागतात, होडीत मी कधी बसलो नाही आणि मला पोहताही येत नाही. समोरचा शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "व्हय, पण रक्तात आसतंयच की."

नववीत गणिताशी बिनसलं आणि शाळा सुटली. ओळखीतल्या एकानं इथं कळंबला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात चिकटवून दिलं. जळालेली पाण्याची मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. दुकानमालकाला सगळे मिस्त्री म्हणतात, मीही म्हणतो. सुरुवातीला दुकानामागच्या खोलीत झोपायचो आणि काळजी करायचो. काळजी हा माझा जोडधंदा आहे. घरी आई कशी असेल, मी भरलेली मोटार जळेल का, जळाली तर मिस्त्री हाकलतील का, हाकललं तर कुठली एसटी धरायची, आणि तिच्यात बसायला जागा मिळेल का.

मग काकूंच्या बोअरची मोटार जळाली. मिस्त्रींबरोबर ती वर काढायला गेलो. शेत कळंबच्या बाहेर, रस्त्याला लागून. दुपारी काकूंनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची भाजी वाढली. मी भाकरीचा तुकडा मोडून त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघत बसलो असणार.

"कुठला रं तू?"

"कोकणातला."

"आगं आई. मंग ह्येला भात लागंल की," म्हणून त्या उठल्याच. मोटार राहिली बाजूला, चुलीवर पातेलं चढलं. काका, म्हणजे त्यांचे मालक, गळ्यात माळ, तोंडात कमी शब्द. ते मिस्त्रींना म्हणाले, "आमी भात मागितला की म्हनती, सण हाय का आज?"

त्या दिवसापासून माझं तिकडं जाणं सुरू झालं, आणि पावसाळ्याआधी कांद्याच्या चाळीशेजारची खोली काकूंनी मला राहायला दिली. बदल्यात काय, विचारलं तर म्हणाल्या, "मोटार जळाली तर लांब जायला नको." तेव्हापासून त्यांची मोटार जळालेली नाही, आणि भात रोज होतो.

आता मासे. शेतात शेततळं आहे, आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, चारी बाजूंनी उतार. बाकी सगळ्यांनी तळं उन्हाळ्याच्या पाण्यासाठी केलं, काकूंनी त्यात कटला आणि रोहू सोडले. घरात माशाचा तुकडा शिजत नाही, काका माळकरी. मासे वाढवायचे, व्यापाऱ्याला द्यायचे, आणि मधल्या काळात त्यांच्याशी बोलायचं. मला पहिल्याच आठवड्यात दम मिळाला होता : "तुला खायाचं तर बाजारात जाऊन खा. माझ्या माशांकडं तसं बघायचं न्हाय." मी कसं बघत होतो कोण जाणे.

त्या शेतात काकांना न विचारता सुरू झालेली ती पहिली गोष्ट. म्हणून काकूंना ती एवढी प्यारी.

अडचण चाऱ्याची होती. काठावरून गोळ्या फेकल्या की वारा त्या तरंगत तरंगत परत काठाला आणायचा, कागदाला चिकटून पडायच्या, आणि मोठे मासे मधल्या खोल पाण्यात तोंड वासून राहायचे. मग काकू काय करायच्या, तर कडुलिंबाच्या झाडाला दोर बांधायचा, दुसरं टोक कमरेला, टोपलं काखेत, आणि उतारावरून पाण्यात. भिजलेला कागद म्हणजे साबण. एकदा माझ्यासमोर घसरल्या, कंबरभर पाण्यात गेल्या, दोर ताणला, आणि तिथनंच हसत म्हणाल्या, "मासा व्हायची लई हौस आली व्हती."

मला त्या रात्री झोप नाही.

हे पुण्याला त्यांच्या थोरल्या मुलाच्या कानावर गेलं. काकांनी सांगितलं असणार. मी नाही, शपथ. थोरला फोनवर काय बोलला ते काकूंनी मला भात वाढता वाढता सांगितलं. "दिवाळीला येतो, मासे इकून टाकू, तळ्याला जाळी मारू, म्हनला. तू उतरल्याबिगर ऱ्हायची न्हाईस, म्हनला." मग भातावर वरण ओतत म्हणाल्या, "खोटं न्हाय म्हनला. पर मासे माझे हायती."

मी भात कालवला. माझ्याकडं बोलण्यासारखं नसतं तेव्हा मी जेवतो.

"तू कोकणातला न्हवं का?" काकू म्हणाल्या. "मंग होडी कर की बारकी. नातवाची गाडी हाय न्हवं, हातातल्या डब्यावर पळती, तशी. चारा न्यायाचा, मधी टाकायचा, माघारी यायचं."

"काकू, मला होडीतलं काही कळत नाही."

"व्हय, पर रक्तात आसतंयच की."

मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. परदेशातली माणसं, निळी तळी, लांबट चकचकीत बोटी. सू करून इकडं, सू करून तिकडं. कशासाठी पळवतात ते कुणी सांगत नव्हतं. पण तीन गोष्टी लागतात एवढं कळलं. मोटार, बॅटरी, आणि दोघांच्या मधला स्पीड कंट्रोलर. मिस्त्रींना दाखवलं तर ते कंट्रोलरचा फोटो लांब धरून बघत म्हणाले, "म्हंजी स्टार्टर. येवढ्या बारक्या जिवाला स्टार्टर कशाला?"

"वेग कमीजास्त करायला."

"आपली मोटार एकाच वेगानं फिरती, तवा कुनाचं काय आडलं?"

बोटीचं धड दुकानातच मिळालं. चार इंची पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे, चारी टोकांना टोप्या, वर फळी, फळीवर चाऱ्याचा डबा. डब्याला खाली झडप, झडप उघडायला चिमुकली वेगळी मोटार. बॅटरीही घरचीच, काकांच्या फवारणी पंपातली, बारा व्होल्टची. जड होती, पण पाठीवर घ्यायची नव्हती, पाण्यावर ठेवायची होती, आणि पाण्याची कंबर दुखत नाही. व्हिडिओतल्या बोटींना लिथियमची हलकी बॅटरी असते. पण ती उन्हात फुगते आणि पेटूही शकते असं वाचलं, आणि माझी खोली पत्र्याची. तो विषय तिथंच संपला.

राहिली मोटार. आमच्या धंद्यात आकडा मोठा तर मोटार दांडगी. पाचापेक्षा साडेसात एचपी भारी, यात वाद नाही. ऑनलाइन मोटारींवरही आकडे होते, केव्ही म्हणून. मी सगळ्यात मोठ्या आकड्याची, ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे कार्बनचे ब्रश नसलेली, मागवली. कुरिअर आलं तेव्हा मोटार माझ्या अंगठ्याएवढी, आणि तिला तीन वायरी. तीन वायरी बघून मला गावाकडचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. थ्री फेज, आमच्या बोअरच्या मोटारींसारखी.

तळ्यावर नेली, पाण्यात ठेवली, रिमोटची काडी पुढं केली, तर बोट मागं. काका पहिल्यांदा हसले. मी तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली आणि बोट सरळ पुढं निघाली. बोअरची मोटार उलटी फिरली की आम्ही हेच करतो. काकू सगळ्यांना सांगत सुटल्या, "बघितलं का, रक्तात हाय."

पण मी एक केलं होतं, जे आमच्या धंद्यातला कुणीही करेल. मिस्त्रींचा पहिला नियम : दोर बांधल्याबिगर पाण्यात काय सोडायचं न्हाय. बोअरमध्ये मोटार सोडताना पाइपाबरोबर एक दोर जातोच. पाइप तुटला तर मोटार पाताळात जाऊ नये म्हणून. मी मुळात काळजीवाला, त्यात धंद्याची सवय. बोटीच्या शेपटाला नायलॉनचा दोर बांधला होता, लांबलचक, टोक माझ्या मनगटाला.

बोट नाक वर करून सुटली. डब्यातला निम्मा चारा पहिल्याच हिसक्याला सांडला. मी घाबरून काडी सोडली, बोट थांबली, मागून दोर सैल होऊन तरंगत आला, मी परत काडी पुढं केली, आणि बोटीच्या बुडाशी फिरणाऱ्या पंख्यानं दोर गिळला. मोटार जाम. बोटीतून एक बारीक निळा धूर निघाला, अगदी सरळ, उदबत्तीसारखा.

"वास येतोय," काका म्हणाले. एवढंच.

दोर ओढून बोट काठाला आणली. म्हणजे दोराचा उपयोग झाला असं मी म्हणणार होतो, पण मिस्त्रींनी नंतर कंट्रोलर नाकाला लावला आणि म्हणाले, "मेला. मोटार अडकली की करंट कुटं जाणार? आपल्याकडं ओव्हरलोडला स्टार्टर पडतोय, लाइन तुटती. हा पडला न्हाय, मेला."

मग मी खोलीत बसून दिवाळीला उरलेले दिवस मोजले नाहीत, कारण मोजले की पुढं एसटीचं वेळापत्रक आठवतं. काकूंनी भात आणून ठेवला आणि विचारलं, "आता काय करायलास?"

"विचार करायलोय."

"जेवून कर."

जेवून केला. दुसऱ्या दिवशी त्या केव्हीचा अर्थ नीट वाचला. तो ताकदीचा आकडा नव्हताच. एका व्होल्टला मोटार मिनिटाला किती फेरे मारते त्याचा होता. म्हणजे मी शर्यतीचा बैल आणून नांगराला जुंपला होता. त्याचं पळणं खरं, पण ढेकळात ते काय कामाचं? चारा वाहायचा तर हळू फिरणारी, जोर धरणारी मोटार हवी. ती साधी ब्रशवाली मिळाली, दोन वायरींची, मुठीएवढी, बारा व्होल्टवर चालणारी. ब्रश झिजतात हे खरं, पण ब्रश बदलणं तर आमच्या हातचा मळ. पंखाही बदलला, बारका घेतला. मिस्त्रींचं म्हणणं पटलं होतं, "मोटार पाटीवर लिवलेलं खात न्हाय, म्होरं काय वाढून ठिवलंय त्येवढं खाती." मोठा पंखा म्हणजे मोठं ताट.

आणि कंट्रोलर. या वेळी आधी मोजलं. बोअरजवळच्या हौदात बोट बांधून घातली, वायरीत मीटर लावला, आणि मोटार पूर्ण वेगानं फिरवली. सहा अँपिअर. मग पंखा क्षणभर फडक्यानं धरून बघितला, तर काटा असा उसळला की मीच मागं सरलो. म्हणजे कंट्रोलर सहाचा घेऊन चालणार नाही, अडकलेल्या वेळेचा हिशेब धरून घ्यायचा, कितीतरी जास्तीचा. शिवाय मागंही चालवणारा, कारण खेळण्यातल्या विमानाचा कंट्रोलर मागं चालवत नाही आणि तळ्याला चार काठ असतात. आणि वायरीत एक फ्यूज. मरायचं असेल तर दहा रुपयांच्या वस्तूनं मरावं.

बॅटरी आठ अँपिअर-तासांची. या जातीची बॅटरी पूर्ण उपसायची नसते, म्हणून अर्धी, चार. चार भागिले सहा. कागदावर केलं, पुसलं, परत केलं. चाळीस मिनिटं. चाऱ्याचा एक फेरा पाच मिनिटांचा. शाळेनं इतकी वर्षं मला भागाकार कशासाठी शिकवायचा प्रयत्न केला होता ते कांद्याच्या चाळीशेजारी कळलं.

बोट चालली. हळू, म्हशीसारखी, पण सरळ. हौदात चालली, मग तळ्याच्या कडेकडेनं चालली. मध्ये मात्र मी नेली नाही. कारण दोर होता. या वेळी शेपटाला नाही, नाकाला बांधला होता, पण होता. आणि दोराच्या वजनानं बोट मधापर्यंत पोचतच नव्हती. काकू विचारायच्या, "मधी कवा जाणार?" मी म्हणायचो, उद्या. मध्येच बंद पडली तर आणणार कोण? मला पोहता येत नाही. काकू उतरणार. म्हणजे जे टाळायला बोट केली तेच होणार.

दिवाळी आली, थोरला आला. उंच, कमी बोलणारा, काकांवर गेलेला. पाडव्याच्या सकाळी तळ्यावर येऊन त्यानं आधी लिंबाला बांधलेला आईचा दोर बघितला, मग माझी बोट बघितली, आणि म्हणाला, "बरं, दाखव."

काकांनी मध्येच थांबवलं. पूजा झाल्याशिवाय नवं यंत्र चालवायचं नाही. तुळजापूरचं कुंकू आणलं, पाइपांना लावलं. सोनारीच्या भैरवनाथाचा अंगारा ते कंट्रोलरवर टाकायला निघाले होते, तो मी हातावर झेलला. नारळ बॅटरीच्या डब्यावर ठेवला, नमस्कार केला, नारळ उचलून फोडला, पाणी तळ्यात. मी दोराची गाठ तपासायला वाकलो तर काकू गाठ सोडत होत्या.

"काकू, दोर—"

"कशाला? पोचत तरी हाय का त्यानं?"

"बंद पडली तर?"

"आरं, इतकं दिवस चारा माघारी कोण आणत व्हतं? वारंच ना? चाऱ्याला आणतंय, होडीला न्हाय आणणार?"

 याला लावायला माझ्याकडं मीटर नव्हता, भागाकार नव्हता. मिस्त्रींचा नियम तेवढा होता, पण तो बोअरसाठी केलेला. बोअरमध्ये वारा नसतो.

बोट गेली. कडेपासून सुटली, मधाकडं निघाली. मधावर झडप उघडली, गोळ्या पडल्या, आणि पाणी उकळल्यासारखं झालं. एवढे मासे मी बघितलेच नव्हते. थोरला दोन पावलं पुढं आला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मी बोट वळवायला काडी फिरवली. बोट वळली नाही. पुढं केली, मागं केली. काही नाही. मधोमध, ढिम्म.

 काकांनी हळूच लिंबावरच्या दोराकडं बघितलं. थोरल्यानंही बघितलं. मी मनात कळंब ते स्वारगेट आणि तिथून पुढच्या एसट्या जोडायला लागलो.

काकू बांधावर बसल्या. मांडी घालून, नीट.

"बसा," म्हणाल्या. "येती ती."

आम्ही बसलो. चौघं ओळीत, देवळाबाहेर प्रसादाला बसल्यासारखे. काकांनी फोडलेल्या नारळाचे तुकडे वाटले. बराच वेळ बोट हललीच नाही. मग मला वाटलं हलली, पण मला तसं नेहमीच वाटतं. मग थोरला म्हणाला, "सरकायलीय." सरकत होती. आडवी, आळसानं, माशांच्या मधनं, चाऱ्याच्या दोनचार उरलेल्या गोळ्यांच्या सोबतीनं ती आली आणि आमच्या पायाखाली कागदाला टेकली. थोरल्यानं काठीनं ओढून घेतली.

डबा उघडला. फ्यूज ठीक, कंट्रोलर गार. बॅटरीला वायर जोडणारी एक टोपी निसटली होती. नारळ ठेवताना किंवा उचलताना. मी काकांकडं बघितलं नाही. काकाच आकाशाकडं बघत होते.

टोपी दाबून बसवली, बोट परत पाण्यात ठेवली. थोरल्यानं हात पुढं केला. "आण इकडं." रिमोट त्याच्याकडं गेला तो दुपारच्या जेवणापर्यंत परत आला नाही. माशांचं त्या दिवशी तीनदा जेवण झालं. काकू ओरडत होत्या, "आरं आजारी पडतील ती, बास कर," आणि तो म्हणत होता, "एकच फेरा, आई."

जेवताना त्यानं विषय काढला. मी ताटात बघत बसलो.

"तू उतरली न्हाईस," तो आईला म्हणाला.

"कशाला उतरू? येतच व्हती की ती."

"तसंच ऱ्हायलीस तर मासे ऱ्हाऊ देत."

"ऱ्हाऊ देत म्हंजी? मासे माझे हायती," काकू म्हणाल्या, आणि त्याच्या पानात भात वाढला. त्यानं विचारलं, "आज सण म्हणून का?" तर काका म्हणाले, "न्हाय बाबा. आता रोजच आसतोय."

लिंबावरचा तो दोर आता कांद्याच्या चाळीला बांधलाय, माझे कपडे वाळतात त्याच्यावर. मिस्त्री दुकानात आलेल्या प्रत्येकाला बोटीचं सांगतात आणि शेवटी म्हणतात, "पर दोर बांधायला पायजे व्हता." ब्रश एकदा बदलले, बॅटरी अजून तीच, फवारणीच्या दिवशी काका काढून नेतात आणि मासे उपाशी राहतात म्हणून काकू दिवसभर बोलतात.

परवा बोट मधावर असताना काकूंनी विचारलं, समुद्र याच्यापेक्षा केवढा मोठा असतो. मला नीट सांगता येईना. मी म्हणालो, दुसरा काठ दिसत नाही. त्या म्हणाल्या, "मंग वारं माघारी कुठं आणून सोडतंय?"

काकूंनी मला जे दिलंय ते मोजत बसलो तर भागाकार पुरणार नाही. पण एक ठरवलंय, आणि इथं लिहून ठेवतो म्हणजे मागं फिरता येणार नाही. एक दिवस काकूंना कोकणात घेऊन जाणार. आधी आईच्या हातचा भात, मग दोन एसट्या बदलून समुद्र, मग खऱ्या होडीत बसवून पार दूरपर्यंत, जिथून आपलाही काठ दिसत नाही. मी शेजारी बसेन. त्यांना दोर लागणार नाही, हे मला माहीत आहे. माझ्या कमरेला मात्र बांधलेला असेल.